घरात टीबी आणला कुणी?

हडपसरच्या एका घरात सासू आणि सून दोघींना टीबी, आणि अख्ख्या घराने ठरवून टाकलेलं की सुनेनेच माहेराहून आणला (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत). तिचं ताट वेगळं, लेकराला जवळ घ्यायचं नाही. टीबी हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही, हे कितीदा सांगितलं तरी ढिम्म.

आमच्या संशोधन प्रकल्पात दोघींच्या थुंकीचं कल्चर लावलं, हा जंतू इतका सावकाश वाढतो की त्यातच आठवडे जातात, मग डीएनए काढून सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यातली अक्षरं ओळीने वाचणं, आणि त्यादिवशी सकाळी रिपोर्ट हातात आला. टीबीच्या जंतूचा जीनोम, म्हणजे त्याचा अख्खा डीएनए, साधारण 44 लाख अक्षरांचा, त्यात दोनेक वर्षांत एखादं अक्षर बदलतं, म्हणून दोन पेशंटच्या जंतूंत 5 पर्यंत फरक असेल तर लागण अलीकडची धरतात आणि 12 च्या वर गेला की तसं असण्याची शक्यता फार कमी. सासू-सुनेत फरक निघाला शेकड्यांनी! एकाच घरात दोन वेगळे टीबी.

पण सुनेचा जंतू भलत्याच एका बाईशी जुळत होता, फरक 2 अक्षरांचा. गल्ली वेगळी, नातं नाही, फॉर्मवर दोघींपुढे व्यवसाय 'गृहिणी'. इथून पुढे कॉम्प्युटर काही सांगत नाही, जोडे झिजवावेच लागतात.

दुपारी दोघींपैकी एकीकडे गेले. "ताई, दिवसभर घरीच असता का?"

"हो मॅडम, फक्त दुपारचं मसाला पॅकिंगला जाते. ते काय काम म्हणायचं!"

दुसरीही तिथलीच निघाली. पत्र्याची खोली, मसाला उडतो म्हणून पंखा बंद, खिडकीला पुठ्ठा, बायका खेटून बसून पाकिटं भरतायत, आणि ठसका सगळ्यांनाच लागतो म्हणून कुणाचं खोकणं कुणाला खटकतच नाही. नंतर सगळ्यांचे एक्सरे आणि थुंकीची तपासणी करून घेतली, अजून एकजण सापडली, वेळेत सापडली. कुणी कुणाला दिला हे एवढ्यावरून ठामपणे सांगता येत नाही आणि सांगूही नये, नाहीतर सुनेच्या जागी दुसरी बदनाम व्हायची.

कोरोनात व्हेरियंट शोधायला सिक्वेन्सिंगची मशीनं आली, माणसं तयार झाली, ती आता टीबीसाठी रोज वापरली पाहिजेत, पण घरोघर जाऊन विचारणाऱ्यांचा पगारही त्याच बजेटमध्ये धरा ना.

दोघींची परवानगी घेऊन घरात सगळं सांगितलं. सासूबाई बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "मग मला कुठनं झाला?" कदाचित कित्येक वर्षांपूर्वी शरीरात शिरून झोपलेला असेल, वय झालं की, शुगर असली की उठतो, असं सांगितलं. शुगर कधी तपासलीच नव्हती त्यांनी, दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी लिहून दिली, आणि सून म्हणाली मी नेते त्यांना.