चार इंजेक्शनं आणि कपाटात टाकलेला पंप

मला लहानपणापासून दमा. सकाळ-संध्याकाळ पंप ओढला की पावसाळासुद्धा निभतो. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा पंपाच्या खोक्यातला कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. ‘स्टेरॉइड’ एवढा एकच शब्द दिसला आणि तेवढा पुरला. कोणाला न विचारता पंप कपाटात टाकला.

आमचं घर देवगड तालुक्यात, सड्यावर. गॅस आहे, पण तो पाहुण्यांच्या चहाला. पेज, भात, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर. श्रावणात लाकडं दमट. धूर कौलांपर्यंत जातच नाही, डोळ्यांसमोर तरंगत राहतो. त्यातच सासूबाई तव्यावर मशेरी भाजायच्या. मी खोकले की म्हणायच्या, “चुलीच्या धुरान कोणाक काय झाला नाय. माझी चार पोरां हयच वाढली.” आणि खोटं कशाला बोलू, मशेरीचं एक बोट मीही लावायचे. मळमळीत तेवढंच बरं वाटायचं.

बत्तिसाव्या आठवड्यात पहाटे अंथरूण ओलं लागलं. आधी वाटलं, कौल गळतंय.

१०२ ची गाडी आली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी तपासलं आणि म्हणाल्या, “पाणी जातंय. पुढे मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, पण आधी हे इंजेक्शन.” टोचून झाल्यावर त्यांनी माझ्या कार्डावर ठळक लिहिलं: सकाळी ६.४०. डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, बारा-बारा तासांनी चार. “कार्ड हातातनं सोडू नका.” गाडीत नवऱ्याने मोबाईलवर शोधलं आणि हळूच म्हणाला, “अगं, हे स्टेरॉइडच आहे.” ज्याला घाबरून मी सहा महिने धापा टाकत काढले, तेच!

मोठ्या दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू झालं आणि मी घड्याळ बघत पडले. संध्याकाळी ६.४० झाले, सात झाले. ड्यूटीवरच्या बाई म्हणाल्या, “बघू, डॉक्टर राउंडला येऊ देत.” नवरा ते कार्ड घेऊन तीनदा उभा राहिला, तेव्हा सव्वाआठला दुसरं मिळालं. त्या दीड तासाचा राग अजून गेलेला नाही.

रात्री डॉक्टरीणबाई शांतपणे बसल्या. बाजारातली पातळ पिशवी ओली झाली की कशी चिकटून बसते, सुटता सुटत नाही, तसं कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसातल्या पिशव्यांचं होतं, म्हणाल्या. त्या उघड्या राहाव्यात म्हणून आत साबणासारखा एक पदार्थ लागतो, सर्फॅक्टंट. तो पुरेसा तयार व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. हे इंजेक्शन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि ते काम लवकर करून घेतं. न्यूझीलंडच्या डॉक्टर लिगिन्सना हे आधी मेंढीच्या कोकरांत दिसलं; डॉक्टर हॉवींबरोबर त्यांनी गरोदर बायकांवर केलेला अभ्यास १९७२ साली छापून आला. पंपातलं औषध मात्र बहुतेक माझ्याच छातीत राहतं, बाळापर्यंत जेमतेम जातं. “तुमची धाप वाढून ऑक्सिजन कमी पडला, तर तो बाळालाही कमी पडतो. पंप कोणी बंद करायला सांगितला?” मी गप्प.

“मशेरी?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या इंजेक्शननंतर, मीच बोलावून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तंबाखू ओढा, चघळा नाहीतर दाताला घासा, निकोटीन वार ओलांडतंच आणि बाळाच्या फुफ्फुसांच्या वाढीत ढवळाढवळ करतं, म्हणाल्या. धुराचंही तसंच, बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. पण पाणी नेमकं कशामुळे गेलं, हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

चौथं इंजेक्शन रात्री पोचलं. नंतर आणखी दीड दिवस कळा आल्या नाहीत. मग एकदम आल्या.

मुलगी. १ किलो ६८० ग्रॅम. रडली, पण नंतर कण्हायला लागली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायचा, माझा अंगठा मावेल एवढा. नाकात दोन बारीक नळ्या, डोक्यावर टोपी आणि शेजारी पाण्याच्या बाटलीत बुडबुडे. त्या हवेच्या दाबानेच पिशव्या उघड्या राहतात. आवाज अगदी पेज रटरटतेय असा. बुडबुडे थांबले तर? म्हणून रात्रभर मी बाटलीकडेच बघत होते. दोन दिवसांनी नळ्या काढल्या. नंतर दूध नळीने, दिवसभर उघड्या छातीशी धरणं, वजनाचे दहा-दहा ग्रॅम, तेही सरलं. अठराव्या दिवशी घरी आलो.

लेक आता तीन वर्षांची आहे. सर्दी झाली की छाती वाजते, डॉक्टर कान लावून ऐकतात. माझा पंप देवापुढच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा. स्वयंपाक गॅसवर, चूल पाण्यापुरती आणि तीही मागल्या पडवीत. मी मशेरी सोडली. सासूबाईंनी नाही सोडली, पण भाजायला मांगरात जातात आणि हात-तोंड धुतल्याशिवाय नातीला उचलत नाहीत. परवा शेजारच्या पोटुशी सुनेला त्या दटावत होत्या, “तुझो पंप खय आसा गो?”