क्लेझ्मर ऐकताना क्लॅरिनेटच्या मागे काय चाललंय?

न्यूयॉर्कचा 'द क्लेझमॅटिक्स' हा बँड क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लग्नसंगीत, १९८६ पासून वाजवतोय. २००७ मध्ये त्यांना ग्रॅमीही मिळालं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे कान क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि फ्रँक लंडनच्या ट्रंपेटपाशी अडकतात, पण क्लेझ्मरचा जीव साथीत आहे.

क्लेझ्मर हा शब्द मुळात वाजवणाऱ्याचा. पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंच्या लग्नात वाजवणारा तो क्लेझ्मर. (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा या परंपरेशी संबंध नाही. त्यांची मराठी कीर्तनं हा वेगळाच विषय.)

सुरांची ओळख आपल्याला पटकन पटते. 'फ्रेगिश' या स्वरसप्तकात रिषभ, धैवत, निषाद कोमल आणि गंधार शुद्ध, म्हणजे बसंत मुखारीचेच स्वर. मात्र षड्जाच्या खाली उतरलं की धैवत बहुधा शुद्ध होतो, त्यामुळे नुसतं सप्तक घोकून भागत नाही. गिटार किंवा अ‍ॅकॉर्डियनवाला इथेच चुकतो. डी फ्रेगिशमध्ये, म्हणजे डी हा षड्ज धरला तर, डी मेजर, जी मायनर आणि सी मायनर हे कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरगुच्छ) लागतात आणि शेवट सी मायनरवरून डी मेजरवर होतो. सवयीने ए सेव्हन्थ धरला, की त्यातला सी शार्प चालीतल्या कोमल निषादाशी भांडतो.

आता ठेका. 'बुल्गर' हा नाच आठ मात्रांचा. ड्रम ३-३-२ असे ठोके देतो, बास मात्र सरळ दोन समान ठोक्यांवर चालतो. बासनेही ३-३-२ धरलं तर ताण संपतो आणि नाच जड होतो. 'होरा' हा नाच संथ, तीन मात्रांचा. साथीला पहिली आणि तिसरी मात्रा वाजते, दुसरी रिकामी, त्यामुळे चाल थोडी लंगडत चालल्यासारखी वाटते. ती रिकामी मात्रा सहन न होऊन कोणीतरी भरतो, आणि होराचा सरळसोट वॉल्ट्झ (तीन मात्रांचा पाश्चात्त्य नाच) होतो. नवख्या बँडची ही सर्रास चूक.

जुन्या जथ्यात ड्रमसेट नव्हता. 'पॉइक' म्हणजे मोठा ढोल आणि त्यावर बसवलेली झांज, एवढंच. दुसरं व्हायोलिन चाल वाजवत नसे. दोन तारांवर एकदम गज ओढून ते बासच्या ठोक्यांमधल्या जागा भरायचं. या वादनाला 'सेकुंड' म्हणतात. आजचे बँड पहिल्यांदा हेच गाळतात, आणि मग गिटार कितीही जोरात वाजवली तरी पोकळी राहते.

राहिला 'क्रेख्ट्स' हा सुराचा अलंकार, शब्दशः कण्हणं. ही मींड नव्हे, ताणली की बिघडते. व्हायोलिनवर सूर सुटता सुटता वरच्या बोटाचा तारेला हलका स्पर्श द्यायचा आणि त्याच क्षणी गज थांबवायचा. हुंदका गिळल्यासारखा आवाज येतो. क्लॅरिनेटवर तेच काम घसा आवळून होतं. शिकणारे उत्साहाने प्रत्येक सुरावर क्रेख्ट्स पेरतात. ओळीच्या शेवटाला एखादा पुरतो.

साथ शिकायची तर एखादी बुल्गर घेऊन चाल पूर्ण बंद ठेवा. फक्त बास, सेकुंड आणि ढोल पाच मिनिटं वाजवा. पाय हलले नाहीत, तर क्लॅरिनेट आल्यावरही हलणार नाहीत.