आरएक्सच्या सिलिंडरपासून चेनसॉपर्यंत : आमची वाटचाल

टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. इंजिन किती ओढणार, किती फिरणार, किती तापणार, हे बरंचसं या खिडक्यांच्या उंची-रुंदीवर ठरतं. नाशिकच्या सातपूरचं आमचं छोटं वर्कशॉप या खिडक्यांवरच उभं आहे. आधी त्या मोटारसायकलच्या होत्या, आता लाकूड कापायच्या चेनसॉच्या आहेत.

सुरुवात बाबांनी केली, पंचवटीतल्या गॅरेजात. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली. ९८ सीसीचं इंजिन, पण पिकअप असा की पोरं वेडी झाली. नाशिकला रॅलीचं वेड पहिल्यापासूनच, त्यामुळे पोर्टिंग, म्हणजे पोर्ट कोरून त्यांचा आकार बदलून घ्यायला गिऱ्हाईक कायम दारात. बाबा गोल कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसायचे आणि बोट फिरवून पोर्टची कड सांगायचे. मी ते काम बघतच मोठा झालो. १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली, २००० पासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकचं काम आटलं. मग मी सातपूरला जागा घेतली, लेथ बसवलं आणि कंपन्यांचं जॉबवर्क करू लागलो.

चेनसॉ आमच्याकडे दिंडोरीच्या एका ठेकेदारामुळे आली. जुन्या द्राक्षबागा काढणं, बांधावरच्या बाभळी आणि निलगिरी तोडणं हा त्यांचा धंदा. त्यांची तक्रार एकच होती : "मशीन मोकळं असताना लई ओरडतं, बुंध्यात घातलं की दम सोडतं." सिलिंडर काढून पाहिला. ट्रान्स्फरच्या, म्हणजे ताजं मिश्रण खालून सिलिंडरमध्ये नेणाऱ्या वाटांमध्ये कास्टिंगचे काटे तसेच होते, दोन्ही बाजूंच्या ट्रान्स्फरची उंची सारखी नव्हती आणि मफलरचं तोंड अगदी बारीक होतं. बाबांनी सिलिंडर हातात घेतला आणि म्हणाले, "याच्यात बरंच काम बाकी आहे."

पण आरएक्सचं गणित इथे चालत नाही. मोटारसायकलला गिअर असतात आणि मागे लांब एक्झॉस्ट पाइप असतो. चेनसॉला गिअरबॉक्स नाही आणि मफलर म्हणजे नुसता डबा. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी खिडकी, वर चढवत नेला की मोकळं मशीन कानठळ्या बसवतं, पण बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) लाकडात टेकला की आरपीएम कोसळतो. लाकूडतोड्याला आवाज नको असतो, बाभळीच्या गाभ्यात चेन चालती राहायला हवी असते. आमच्या कामाची दिशा त्यावरूनच ठरली. आम्ही आरपीएम विकत नाही, लोडखालची ओढ देतो.

म्हणून कोरण्याआधी मोजणं. क्रँकवर (पिस्टनला जोडलेल्या फिरत्या दांड्यावर) डिग्री व्हील, म्हणजे अंश आखलेली चकती लावायची, पिस्टन अगदी वर आणून शून्य धरायचं आणि प्रत्येक पोर्ट किती अंशांना उघडतो ते लिहून काढायचं. कामाच्या मशीनला एक्झॉस्ट साधारण १०० अंशांना आणि ट्रान्स्फर १२० च्या आसपास उघडले तर मधल्या २० अंशांत जळलेला वायू निघून जातो आणि मगच ताजं मिश्रण आत येतं. हे अंतर कमी पडलं तर जळका वायूच ट्रान्स्फरमध्ये घुसतो. स्क्विश म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट, ती सोल्डरच्या तारेने मोजतो. तार आत घालून पिस्टन वर फिरवायचा आणि चेपलेली तार मायक्रोमीटरमध्ये धरायची. फट ०.५ मिमीच्या आसपास आणायला सिलिंडरचा तळ लेथवर उतरवावा लागतो. पण सिलिंडर खाली बसला की एक्झॉस्ट आणि ट्रान्स्फर उशिरा उघडतात, इनटेक (मिश्रण इंजिनात घेणारा पोर्ट) मात्र लवकर उघडतो. म्हणजे कॉम्प्रेशन मिळालं तरी बाकी सगळं पुन्हा जुळवायचं. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि तो जायलाच हवा.

एक्झॉस्टची रुंदी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) ६०-६५ टक्क्यांच्या आत ठेवतो. त्यापुढे गेलं की पिस्टनवरची रिंग पोर्टमध्ये फुगते आणि अडकते. रिंगची टोकं कुठे येतात ते रिंग जागेवर धरणाऱ्या पिनवरून बघायचं, ती खिडकीत आलीच नाही पाहिजेत. पोर्टची खालची कडही जपून कोरायची, नाहीतर पिस्टन वर असताना त्याच्या खालच्या कडेखालून (स्कर्टखालून) एक्झॉस्ट थेट क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीला, उघडतो. सिलिंडरच्या आतलं निकासिलचं कोटिंग कडक असतं, त्याला डायमंड बिट लागतं, मागच्या ॲल्युमिनियमला कार्बाइड बर चालतो. वाकड्या जागी पोचायला दातांचे डॉक्टर वापरतात तसा काटकोनी हँडपीस घेतला, आणि वर्कशॉपमधली ती सर्वात मोलाची खरेदी ठरली. शेवटी प्रत्येक कडेला हलका चॅम्फर, म्हणजे धार मोडलेली तिरपी कड. तो राहिला तर कोटिंगचा टवका उडतो आणि रिंगही घासली जाते.

काम झालं की त्याच ओंडक्यावर, त्याच धारेच्या चेनने आधीचा आणि नंतरचा काप स्टॉपवॉचवर घेतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं. आकडा तोच वाचतो.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून कार्ब्युरेटरचं काम वाढलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्याच सेटिंगवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. पोर्टिंग केलेलं मशीन पातळ चाललं तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून कार्ब्युरेटरचा हाय स्क्रू (पूर्ण वेगातलं इंधन ठरवणारा) थोडा रिच, म्हणजे इंधन जास्त जाईल असा ठेवून देतो, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवायला बजावून सांगतो.

मफलर मोकळा करून देतो, पण स्पार्क अरेस्टरची, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी काढून मागितली तर काम परत करतो. सुरगाणा-पेठच्या रानात मार्च-एप्रिलला वाळकं गवत गुडघाभर असतं. चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन थांबवणारा ब्रेक) काढून मागणाऱ्यालाही तेच उत्तर.

बाबा आता बसून असतात, पण तयार सिलिंडरवर त्यांचं बोट फिरल्याशिवाय तो पॅक होत नाही. डिग्रीचे तक्ते माझी पुतणी ठेवते, तिचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. तिचा हट्ट नव्या स्ट्रॅटो इंजिनांचा आहे. यात पिस्टनच्या खिशांतून आधी नुसती हवा ट्रान्स्फरमध्ये भरली जाते, म्हणजे एक्झॉस्टमधून निसटते ती हवा, पेट्रोल वाचतं. तिथे पोर्टची एक बाजू हलवली की पिस्टनच्या खिशाची वेळही हलते. सध्या ते काम आम्ही फक्त स्वतःच्या मशीनवर करतोय. बाहेरचा स्ट्रॅटो सिलिंडर अजून घेत नाही.