पऱ्हाटीचा धूर आणि तान्ह्याची छाती
आज चोपड्याजवळच्या एका वस्तीवर गेले होते. बंद खोलीत चूल, ओल्या पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळक्या झाडांच्या काड्यांचा) धूर आणि आईच्या मांडीवर धापा टाकणारं तान्हं बाळ. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. आधी त्यांना दवाखान्यात रवाना केलं.

न्यूमोनिया जंतूंमुळेच होतो, पण त्यांना वाट धूर करून देतो. श्वासनलिकेतले जंतू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस धुराने मंदावतात, जंतू गिळणाऱ्या पेशी काजळीने कमजोर पडतात. घरातल्या धुराने लहानग्यांना न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उज्ज्वला योजनेची गॅसटाकी कोपऱ्यात रिकामीच. घरचे म्हणाले, "भराले पैसा कथा शे, ताई?" (भरायला पैसे कुठे आहेत?)

तान्हं मूल असलेल्या घराला तरी टाकी भरून मिळायलाच हवी. ग्रामसभेत मांडणार आहे, सोबत या.