तुम्ही विचारलंत म्हणून : लेकरं घेऊन कोणत्या देशात जावं?

परभणीला लग्नाला गेले की पंगतीतच कुणीतरी शेजारी येऊन बसतं. "ताई, आम्ही बी बाहेर जायचा इचार करू लागलोत. लेकरू तीन वर्षांचं आहे. कोणता देश बरा?" संभाजीनगरला मी जर्मन शिकवते, तिथंही पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर नर्सिंग झालेल्या मुली, वाळूजच्या कंपन्यांतले फिटर, इलेक्ट्रिशियन, सगळेच विचारतात. त्याच राज्यात, श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात, आम्ही 2017 ते 2023 राहिलो. जाताना थोरली तीन वर्षांची होती. धाकटा तिथंच झाला.

पंगतीत पुढचा वाढपी येईपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढ्यानं कुणाचं भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

विचारणारे बहुतेक पुरुष असतात आणि पहिला प्रश्न पगाराचा असतो. पगार बघावाच लागतो, त्यात चूक काही नाही. पण कमावणारा माणूस कुठल्याही देशात निभावून नेतो. त्याला सकाळी उठून जायला जागा असते, येत असलेलं काम असतं, बरोबर जेवायला चार माणसं असतात. परक्या देशाशी खरी गाठ पडते ती घरी राहणाऱ्याची. दवाखान्यात लेकराला काय होतंय हे तिनं सांगायचं, शाळेची चिठ्ठी तिनं वाचायची, वाण्याकडं बेसन मागायचं तेही तिनंच. म्हणून माझं एकच सांगणं असतं : ज्याच्या हातात नोकरीचं पत्र नाही, त्याच्या बाजूनं देश निवडा. बहुतेक घरांत ती बायको असते, काही घरांत नवरा असतो. आणि दोघांच्याही मागं लेकरू असतंच.

माझंच सांगते. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. केलेलं. नवऱ्याकडं ब्लू कार्ड होतं, म्हणजे पदवी आणि चांगल्या पगाराची नोकरी असणाऱ्याला मिळणारा तिथला परवाना. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनची परीक्षा न देता व्हिसा मिळतो आणि पहिल्या दिवसापासून नोकरी करायची परवानगी असते. हे वाचून मी निर्धास्त होते. पण परवानगी मिळणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. भाषा येत नव्हती. बालवाडीत जागा मिळेना. वर्षाच्या वरच्या प्रत्येक लेकराला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क तिथं 2013 पासून कायद्यानं आहे, पण जागाच कमी पडतात. आम्ही पाच ठिकाणी नाव नोंदवलं होतं, सात महिने लागले. ते सात महिने मी आणि मुलगी तिसऱ्या मजल्यावर. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळायचा. नवरा सहाला यायचा तोवर दीड तास अंधार बघून झालेला असायचा. माझ्या आयुष्यातला तेवढा एकटा काळ दुसरा नाही. आईशी फोनवर बोलताना मी मुद्दाम स्वयंपाकघरातला दिवा लावून बसायचे, चेहरा उजेडात दिसावा म्हणून.

मग किटात, म्हणजे तिथल्या बालवाडीत, जागा मिळाली. हा भाग जरा सावकाश सांगते, कारण तो देश मला कळला तो इथं.

पहिल्या दिवशी लेकरू सोडून निघून जायचं, असं तिथं नसतं. 'आइनगेव्योनुंग' म्हणतात, लेकरू रुळायचा काळ. आईनं नाहीतर बापानं वर्गातच बसून राहायचं. आधी रोज तासभर दोघांनी मिळून, मग आईनं दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं हळूहळू. आमचे चार आठवडे गेले. मी कोपऱ्यात वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसायचे आणि मुलगी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून उभी. चौथ्या दिवशी तिच्या बाईंनी माझ्यापुढं एक कोरा कागद ठेवला. म्हणाल्या, ती घरी बोलते त्यातले अगदी गरजेचे शब्द लिहून द्या. मी रोमन अक्षरांत लिहिले : पाणी, शू, भूक, दुखतंय, आई येते. त्यांनी प्रत्येक शब्द माझ्याकडून तीनतीनदा म्हणवून घेतला आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दोन आठवड्यांनी मी बाहेर कोटांच्या खुंट्यांपाशी उभी होते. आत मुलगी रडायला लागली. आणि दाराआडून बाईंचा आवाज आला, "आई येते, आई येते." उच्चार जर्मन, पण शब्द माझ्या आईचे. मी तिथंच खाली बसले.

मुलगी पुढं चार महिने तिथं एक शब्द बोलली नाही. घरी आली की चिमणीसारखी मराठीत सुरू, किटात मात्र गप्प. मला घोर लागला. बाई म्हणाल्या, ती ऐकतेय, घाई करू नका, आणि घरची भाषा तर अजिबात सोडू नका. पाचव्या महिन्यात, भर पावसात, चिखलात खेळायची रबरी विजार घालून घसरगुंडीखाली उभी राहून ती म्हणाली, "नॉख माल." म्हणजे, पुन्हा एकदा. त्यानंतर ती थांबली नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कंपनीच्या माणसाशी बोलताना, किंवा तिथं आधीपासून राहणाऱ्या आपल्या कुणाशी बोलताना, हे विचारा : बालवाडीत जागा किती महिन्यांत मिळते, फी किती, आणि तोवर घरातलं माणूस काय करतं? जर्मनीतल्या जर्मनीतही फरक आहे. बर्लिनमध्ये किटाला फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आहे.

दुसरं बघा दुखण्याखुपण्याचं. जर्मनीत सरकारी विमा घेतला तर न कमावणारी बायको आणि लेकरं त्याच हप्त्यात बसतात, वेगळा पैसा नाही. लेकराला ताप आला तर त्याच्यासाठी आईला वेगळी आणि बापाला वेगळी सुट्टी असते. आम्ही गेलो तेव्हा वर्षाला प्रत्येकी दहा दिवस होते, 2024 पासून पंधरा झाले. दर लेकरामागं सरकार महिन्याला पैसे देतं, 2025 मध्ये ते 255 युरो होते. उलट ब्रिटनला बहुतेक व्हिसांवर जाताना आरोग्याचा अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो : मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, लेकराला 776. चौघांचं कुटुंब तीन वर्षांसाठी निघालं तर 10,866 पौंड, म्हणजे बारा लाखांच्या वर, आणि तेही विमानात बसायच्या आधी. पगाराचा आकडा ऐकताना हा खर्च कुणी सांगत नाही.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनापासून सांगते, कारण यात आपल्या भागातल्या घरांचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. केअर वर्करच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायच्या कामाच्या, व्हिसावर जाणाऱ्यांना 11 मार्च 2024 पासून नवरा-बायको, लेकरं बरोबर नेता येत नाहीत, आणि 2025 च्या जुलैपासून त्या कामासाठी बाहेरच्या देशांतून नवी भरतीच बंद झाली. तरी एजंट पैसे घेत होते. एका मुलीच्या वडिलांनी त्यासाठी एक एकर विकलं. नियम त्या त्या देशाच्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, इंग्रजी जड जात असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

अमेरिकेबद्दल विचारणारे अजूनही सगळ्यात जास्त. पगार तिथं मोठा, हे खरं. पण एच-वन-बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, वर्षाला 85,000 जागा, त्याही सोडतीनं. बायको एच-फोरवर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, गेली तर नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचं, प्रकरण एका टप्प्याच्या पुढं जाईपर्यंत तिला काम करता येत नाही. आणि ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जागा येत नाहीत, त्यामुळं भारतीयांची रांग इतकी लांब आहे की तीन वर्षांचं नेलेलं लेकरू 21 वर्षांचं होऊन आईबापाच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. एकट्यानं दोन-चार वर्षं जाऊन यायचं असेल तर गोष्ट वेगळी. लहान लेकरं आणि शिकलेली बायको घेऊन जायचं असेल तर मी अमेरिका सुचवत नाही.

कॅनडात कायमचा परवाना हातात घेऊनच उतरता येतं, ही मोठी जमेची बाजू, कारण मग दोघांनाही कुठलंही काम करता येतं. पण तिथं गुण मोजून माणसं निवडतात. वयाचे पूर्ण गुण 29 पर्यंतच, तिशीपासून ते दरवर्षी कमी होतात आणि 45 ला शून्य. त्यातच 2024 च्या शेवटी त्यांनी घ्यायची माणसंही कमी केली. जायचं तर लेकरू शाळेत जाईपर्यंत वाट बघत बसू नका. आखातात आयकर नाही, भारतीय शाळा आहेत, दुबईहून मुंबई तीन तासांवर. पण नोकरी संपली की मुक्काम संपला, आणि शाळेची फी आपल्याच खिशातून. पाच वर्षं पैसे जोडून परत यायचं, असं आधीच ठरलेलं असेल तर आखात चांगलं. तिथंच राहायचं मनात धरून जाऊ नका.

लेकराचं वय हा एक मुद्दा लोक फार हलका धरतात. सहाच्या आत गेलेलं लेकरू भाषा खेळता खेळता उचलतं. नवव्या-दहाव्या वर्षी गेलेल्याचं तसं नसतं. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, कोण गिम्नाझियुमला, म्हणजे विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेत, जाणार, कोण दुसऱ्या शाळेत. म्हणजे आपल्या हुशार लेकराला भाषा धड यायच्या आत त्याची वाट ठरते. पुढं बदलता येते, पण कष्ट फार. लेकरू तिसरी-चौथीत असेल तर माझा सल्ला इंग्रजी बोलणाऱ्या देशाचा. आणि लशींचं कार्ड जपून न्या. गोवराची लस घेतल्याच्या पुराव्याशिवाय तिथं बालवाडीत घेत नाहीत. आमच्या मुलीचं कार्ड अंगणवाडीच्या ताईंनी निळ्या शाईनं मराठीत भरलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसवून माझ्याकडून ओळ न् ओळ वाचून घेतली. जन्मदाखला, पासपोर्ट, लग्नाचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग एकच करून घ्या. एकात 'व्ही' आणि दुसऱ्यात 'डब्ल्यू' एवढ्यावर आमचे दोन महिने गेले.

आता आईवडिलांचं. हे शेवटी बोललं जातं, खरं तर आधी बोलायला पाहिजे. कॅनडात आईवडिलांना सुपर व्हिसावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, विमा मात्र मोठा काढावा लागतो. जर्मनीला भेटीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस, बस. ऑस्ट्रेलियात आईवडिलांना कायमचं न्यायचं तर एकतर पैसा फार लागतो, नाहीतर रांग काही दशकांची. 2022 मध्ये माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. फोन आला तेव्हा तिथं पहाट होती. श्टुटगार्टहून फ्रँकफर्ट, तिथून मुंबई, मग देवगिरी एक्स्प्रेस. दारापासून दारापर्यंत तीस तास. परभणीच्या फलाटावर उतरले तेव्हा भाऊ म्हणाला, "शुद्धीवर हायेत. तुझंच नाव घेऊ लागलेत." वर्षभरानं आम्ही परत आलो. देश वाईट म्हणून आलो नाही. मला अजूनही त्या किटाची आठवण येते.

शेतीवाल्या घरांनी एक लक्षात ठेवा. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं सुटतं, आणि मग मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येते ती येते. चुलत्याचा शेजारचा तुकडा पुढं घ्यायचा बेत असेल तर नागरिकत्वाच्या अर्जावर सही करण्याआधी तो विचार करा. धाकट्याचा जन्म तिथला, म्हणून आम्ही वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करून घेतली होती. ती केली नसती तर परत येताना फार अडलं असतं.

गेल्या महिन्यात जिंतूरकडचं एक जोडपं घरी आलं होतं. तो मशीनवरचा कारागीर, जर्मनीची मुलाखत झालेली. तासभर तोच बोलत होता. ती लेकराला मांडीवर घेऊन गप्प. मी तिला विचारलं, तुझं काय शिक्षण गं? म्हणाली, "बी.एड. हाय ताई. पण मला तिथं कोण घेईल?" मी तिला होतं ते सरळ सांगितलं : तिथं शिक्षिका व्हायला पदवीला मान्यता मिळवावी लागते, आणि भाषा फार वरच्या पातळीची लागते, वेळ जाईल. पण बालवाडीत माणसं कमी आहेत, ते शिक्षण तिथंच घेता येतं, आणि लेकरू किटात गेलं की सकाळचा वर्ग लावता येतो. मग त्या बाईंच्या कागदाची गोष्ट सांगितली. तिनं नवऱ्याच्या खिशातला पेन काढून घेतला आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहायला लागली. आधी लिहिलं, किटाला जागा किती दिवसांत. मग मान वर करून म्हणाली, "ताई, भाषेचा वर्ग इथंच आधी सुरू केला तर?" सोमवारपासून ती येतेय.