नांदगिरीचा कल्याणगड: बॅटरी दोन घ्या

कल्याणगडाला जायला आधी सातारा रोडला यायचं, पण या नावाला फसू नका. हे गाव म्हणजे पाडळी, सातारा नव्हे. साताऱ्याचं स्टेशन वेगळं, माहुलीजवळ. आम्ही साताऱ्याहून एसटीने आलो. कूपर कंपनीच्या डिझेल इंजिनांचं जुनं गाव ते हेच. वडापाव इथेच खाऊन घ्या, पुढे नांदगिरीत हॉटेल दिसलं नाही.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. नांदगिरीच्या रस्त्यावर दोन्ही कडेला घेवड्याचे वेल वाळत पडले होते. कोरेगाव तालुक्याचा हा वाघ्या घेवडा, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला. फिकट दाण्यावर तांबड्या रेघा, म्हणून वाघ्या. एका अंगणात मळणी चालली होती. वाट विचारली तर आजी म्हणाल्या, "गडावर व्हय? आधी पानी प्या. आन् भुयारात जायचं असंल तर बॅटरी हाय का? मोबाईलवर जाऊ नगा."

मोबाईल आहे की, असं मनात म्हणत निघालो.

चढ तासाभराचा, दमवणारा पण अवघड नाही. पावसाळा नुकताच सरलेला, गवत कमरेएवढं. खाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. फुल पँट घाला, काठी घ्या. सावली जवळजवळ नाही म्हणून सातच्या आत पायथा सोडलेला बरा.

पहिल्या दरवाज्यातून आत शिरलं की लगेच वर जाऊ नका, खाली कड्याच्या पोटात उतरा. ते भुयार पाहायलाच इथे यायचं. आत गार पाणी, आम्हाला मांडीपर्यंत लागलं. आधाराला कठडा आहे. पंधरा-वीस पावलांनंतर मागचा उजेड संपतो आणि स्वतःच्याच पायांनी ढवळलेल्या पाण्याचा आवाज मोठा होत जातो. नेमका तिथेच माझा मोबाईल हातातून सटकला. मित्राच्या बॅटरीवर पुढे गेलो. टोकाला डोक्यावर नागफणा असलेला पार्श्वनाथ, म्हणजे जैन तीर्थंकर, आणि शेजारी दत्त, दोघे एकाच अंधारात. कुणीतरी ताजी फुलं वाहून गेलं होतं. आमच्या आधी, एवढ्या सकाळी, या पाण्यातून! मूर्तींपेक्षा मला त्या फुलांचंच जास्त नवल वाटलं.

माथ्यावर वाड्यांची जोती, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ. 1673 मध्ये शिवरायांनी साताऱ्याचा किल्ला घेतला, त्याच सुमारास हाही स्वराज्यात आला; 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. अवशेष तासाभरात पाहून होतात, पण नजारा सोडवत नाही. एकीकडे जरंडेश्वराचा डोंगर, दुसरीकडे चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी, आणि खाली वाळत्या घेवड्याने पिवळे झालेले रस्ते.

पावसाळ्यात भुयारात उतरू नका. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना दरवाज्यापाशीच थांबवा. चपला हातात धरण्यापेक्षा पट्ट्याचे सँडल घालूनच पाण्यात उतरावंसं वाटेल, पण मूर्तींजवळ ते काढायला जागा नाही. आम्ही अनवाणीच गेलो. कोरडे कपडे सॅकमध्ये असू द्या.

उतरल्यावर आजींनी मोबाईलचं विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हेच विशेष. अर्धा किलो घेवडा मागितला तर सुपानेच पिशवीत ओतला, तो घरी मोजला तर किलोच्या वर भरला. "रातभर भिजवा, न्हाईतर शिजायचा न्हाई," एवढं मात्र दोनदा बजावलं.