सातबाऱ्यावर बहिणींची नावं लावताना

आण्णा जाऊन दीड वर्ष झालं. करवीर तालुक्यात आमचं २८ गुंठे उसाचं रान, मागं आई, दोघी बहिणी आणि मी. वारस नोंद कशी झाली ते लिहितोय, कारण माझ्या ओळखीत तरी बहुतेक घरात ही गोष्ट गप्पगार उरकली जाते आणि ते मला अजिबात पटत नाही.

आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग शासनानंही बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. त्याचा परिणाम असेल, आईच्या बांगड्या फोडायला आमच्यात कुणी पुढं आलं नाही, तात्याच म्हणाले राहू दे तिचं तिला. मला लय बरं वाटलं. आणि तेराव्याला त्याच सोप्यात बसून तेच तात्या म्हणाले, पोरी आल्याच आहेत तर हक्कसोडचं उरकून घे, नंतर कुठं गोळा करत बसतोस. हक्कसोड म्हणजे बहिणींनी आपला हिस्सा सोडल्याचा कागद. बापाचं दुःख ताजं असताना, रडून डोळे सुजलेल्या पोरीपुढं कागद ठेवायचा आणि बदल्यात साडीचोळी द्यायची, ही रीत मला बांगड्या फोडण्याइतकीच वाईट वाटते.

कायदा तर स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की हा हक्क जन्मानंच आहे, २००५ साली बाप हयात असायलाच पाहिजे असं नाही. लग्न झालंय का नाही याचा काही संबंध नाही.

कागदं फार लागली नाहीत. मृत्यू दाखला, वारसांचं शपथपत्र, सगळ्यांचं आधार, आठ अ म्हणजे जमिनीचा खाते उतारा. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं, अर्ज ई-हक्कवर ऑनलाईन पण होतो, मी दोन्ही केलं. अडलं ते ऑफिसात. तिथं सांगितलं की बहिणींची नावं 'इतर हक्कात' घेऊ, तुमचं आणि आईचं वर, म्हणजे पुढं तुम्हाला त्रास नाही. मला आधी फरकच कळला नव्हता, मग एका वकील मित्रानं सांगितलं की वर भोगवटादार म्हणून नाव लागलं तर ती मालक म्हणून दिसते आणि खाली इतर हक्कात ढकललं की नुसता उल्लेख राहतो. मी म्हटलं, भाऊसाहेब, चौघांचीही नावं वरच पाहिजेत. दोन हेलपाटे त्यातच गेले. शेवटी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला, नोटीस निघाली, हरकतीचे १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली.

खरी अडचण ऑफिसात नव्हतीच, घरात होती. मोठी ताईच म्हणाली, नको रे बाबा, माहेर तुटंल माझं. तिच्या सासरी एकीनं वाटणी मागितली तर भावानं दिवाळीला बोलवायचं बंद केलं म्हणे. म्हणजे हक्क घेतला की भाऊबीज गेली, असा हिशोब ती लहानपणापासून बघत आली आहे. तिला समजवायला मला तलाठ्यापेक्षा जास्त दिवस लागले. मी एवढंच सांगितलं की तुला नंतर सोडायचं असेल तर सोड, पण आधी नाव लागू दे, जे तुझ्या नावावरच नाही ते तू सोडणार कसं.

त्रास होतो हे खोटं नाही. सोसायटीतनं पीक कर्ज काढताना आता चौघांच्या सह्या लागतात, आणि धाकटी पुण्यात असते. पण चार सह्या जमवायचा त्रास म्हणून बहिणीचा हिस्सा खाऊन टाकायचा, हे कुठल्या हिशोबात बसतं?

डिजिटल सही असलेला सातबारा आला तेव्हा ताई घरीच होती. चष्मा लावून तिनं स्वतःचं नाव दोनदा वाचलं. आण्णांच्या नावाला कंस पडलेला, म्हणजे नाव कमी झालेलं, बघून रडली, आणि म्हणाली, एक झेरॉक्स मला दे, गडहिंग्लजला घेऊन जाते. मागच्या महिन्यात कर्जाच्या सहीला ती सकाळच्या एसटीनं आली, सही करून रानात गेली आणि जाताना मला सांगून गेली की खालच्या बांधाकडं पाणी पोचत नाही, पाट बघून घे.